सिद्धींचा जमाखर्च

मनुष्याच्या हाती अलौकिक शक्ती आलीच, तर तिचा विनियोग त्याने कोणत्या हिशेबाने करावा, हा प्रश्न ज्यांना केवळ पुराणिकांच्या किंवा बालकांच्या अखत्यारीतला वाटत असेल, त्यांनी टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचे नियमग्रंथ एकदा उघडून पाहावेत. एखाद्या जुन्या संस्थानाच्या दफ्तरातही आढळू नये इतका बारीक जमाखर्च त्यांत मांडलेला असतो. खेळाचे स्वरूप सांगायचे तर एक जण सूत्रधार होतो (खेळणारे त्याला ‘डीएम’ म्हणतात), बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक पात्रे अंगावर घेतात, आणि वाणीने काय करावयाचे ते सांगून त्याचा निकाल फाशांवर सोडतात. त्या फाशांत वीस पैलूंचाही एक असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला छापील खेळ, 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावाहून, तीन पुस्तिकांच्या पेटीरूपाने आणि अवघ्या एक हजार प्रतींच्या आवृत्तीने बाहेर पडला.

या खेळातल्या मांत्रिकासाठी गायगॅक्सने जी तजवीज केली, ती त्याने जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून उचलली होती. मांत्रिकाने सकाळी पोथी उघडून मोजके मंत्र मुखोद्गत करावेत, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो स्मृतीतून साफ पुसला जावा, अशी ही व्यवस्था. पाश्चात्य खेळाडूंनी तिच्याविरुद्ध पहिल्या दिवसापासून कज्जा मांडला; शिकलेली विद्या माणूस एका उच्चारासरशी विसरतो कसा, हा त्यांचा दावा. कर्णाची कथा लहानपणी ऐकलेल्या वाचकाला मात्र यात काही विपरीत वाटू नये. परशुरामाच्या शापाने ऐन रणात त्याला ब्रह्मास्त्र आठवेनासे झाले, आणि इंद्राने दिलेली, एकदाच चालणारी वासवी शक्ती, जी त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, ती घटोत्कचावर खर्ची पडली. जवळ एकच अस्त्र असावे आणि ते कोणावर सोडावे याचा घोर लागावा, यातच त्या कथेचे निम्मे नाट्य आहे. व्हान्सच्या पद्धतीचा गुणही नेमका हाच. ती खेळाडूकडून दूरदृष्टी वसूल करते.

परंतु विरोधकांनाही आपले म्हणणे होते, आणि त्यांनी ते नुसते मांडले नाही तर छापून विकले. केन सेंट आंद्रे याने 1975 सालीच ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढून मंत्राचे मोल देहबलाच्या अंकांतून कापून घेण्याची प्रथा पाडली. मांत्रिक विसरत नाही, दमतो. पुढे 1987 साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’ने मंत्रांच्या यादीचे बंधनच सैल केले. उत्पत्ती, ज्ञान, रूपांतर, नाश आणि नियमन या पाच क्रिया एका बाजूस, आणि अग्नी, जल, वायू, पृथ्वी, वनस्पती, पशू, देह, मन, प्रतिमा व स्वतः मंत्रशक्ती हे दहा विषय दुसऱ्या बाजूस मांडून, पन्नास जोड्यांतून हवा तो मंत्र तत्क्षणी रचण्याची मुभा या खेळाने दिली. व्याकरणात मन रमणाऱ्या माणसाला हा खेळ मोह घालतो. तथापि ज्याला प्रत्येक वळणावर धातू आणि कर्म जुळवीत बसण्याचा कंटाळा आहे, त्याच्या हाती तो न दिलेला बरा.

खरा तंटा मात्र मंत्राचा नसून मनःशक्तीचा आहे. परचित्तज्ञान, दूरदर्शन, स्पर्शावाचून वस्तू हलविणे या गोष्टींना विसाव्या शतकात पाश्चात्य देशांत शास्त्राचा पेहराव चढविण्यात आला होता. ड्यूक विद्यापीठातील जे. बी. ऱ्हाइन यांनी वर्तुळ, चौकोन, तारा, फुली आणि लाटा या पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांचा जोड घेऊन माणसांची परीक्षा केली आणि 1934 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. इतरांच्या प्रयोगशाळांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. पण तोवर विज्ञानकथांच्या मासिकांनी, विशेषतः संपादक जॉन कॅम्पबेल यांनी, ही कल्पना ‘सायॉनिक्स’ या नावाने उचलून धरली होती. तेथून ती 1976 साली ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीतून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये शिरली. दोन वर्षांनी आलेल्या नियमग्रंथाने तिला परिशिष्टात जागा दिली, पण ती लॉटरीच्या अटींवर. बुद्धी, शहाणपण किंवा व्यक्तिप्रभाव यांपैकी एक तरी गुण सोळा वा अधिक असलेल्या पात्राने शतांशाचे फासे टाकावेत आणि दैव अतिशय अनुकूल असेल तरच ही शक्ती त्याला बहाल व्हावी. मनामनांच्या द्वंद्वाचा फैसला आक्रमणाच्या पाच व बचावाच्या पाच प्रकारांच्या तक्त्यांवरून लागे, आणि तो लागेपर्यंत तलवारवाल्यांनी स्वस्थ बसून राहावे लागे. इतक्या अडगळीच्या नियमाने इतका दीर्घकाळ चिवटपणा दाखवावा, याचे मला अजून कौतुक वाटते.

या वादाचे सारे मर्म मला भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या वसाहतीत, दिवाळीच्या सुटीत घरी परतलेल्या मुलांच्या एका डावात, फराळाच्या ताटांशेजारी ऐकावयास मिळाले. त्यांच्यातला एक परचित्तज्ञानी झाला होता आणि शत्रूने त्याचे हातपाय बांधून, तोंडात बोळा कोंबून त्याला कोठडीत टाकले होते. तो शांतपणे म्हणाला, “मी पहारेकऱ्याच्या डोक्यात शिरतो.” त्यासरशी मांत्रिक झालेला मुलगा उसळला. “मला सकाळी पाठांतर, वर मंत्र म्हणा, हातवारे करा, साहित्य बाळगा, आणि याला काहीच नाही? मग मी काय नुसता झोळी धरायला आलोय का?” डीएमने क्षणभर विचार करून हुकूम दिला, “शीर, पण गुण दुप्पट कापीन, आणि फासा चुकला तर पहारेकऱ्याला कळेल कोण आलंय ते.” फासा चुकला.

तो निवाडा, डीएमला ठाऊक असो वा नसो, 1991 सालच्या मनःशक्तीच्या स्वतंत्र नियमग्रंथाच्या वळणाचा होता. त्यात शक्तीचे गुण वेगळे मोजले जात आणि प्रत्येक प्रयोगाला फाशाची कसोटी असे. पुढच्या ग्रंथांनी ती कसोटी काढून टाकली आणि मंत्रशक्ती व मनःशक्ती यांनी एकमेकींना आवर घालावा, मंत्र तोडणाऱ्या मंत्राने मनाचा प्रयोगही तुटावा, असा सर्वसाधारण कायदा केला. दोन्ही शक्ती सर्वस्वी भिन्न मानण्याची तरतूद केवळ वैकल्पिक राहिली. डाव समतोल झाला हे खरे. पण माझ्या मते त्या दिवसापासून मनःशक्ती म्हणजे नाव बदललेला मंत्र होऊन बसली. ज्या शक्तीचे मोल वेगळ्या नाण्यात द्यावे लागत नाही, तिला वेगळे प्रकरण देण्याचे प्रयोजन काय?

वेगळ्या नाण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग ‘डार्क सन’ या 1991 सालच्याच काल्पनिक जगात आढळतो. तेथे मनःशक्तीचा अंश जवळजवळ प्रत्येक पात्राला जन्मतः मिळतो. उलट मंत्र सामर्थ्य शोषून घेतो तो भोवतालच्या वनस्पतींतून, आणि बेदरकार मांत्रिकाच्या पायाखालची जमीन राख होऊन जाते. पाचशे मेगावॉटच्या दोन संचांसाठी कोळशाच्या वाघिणी रात्रंदिवस येताना आणि वेल्हाळ्याचा राखेचा तलाव भरताना पाहणाऱ्या दीपनगरच्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. दिवा एकाच्या घरी लागतो आणि राख दुसऱ्याच्या शिवारात पडते, हा हिशेब खेळात आणणाऱ्याला मी या क्षेत्रातला सर्वांत विचारी लेखक म्हणेन.

आणि तरीही या सर्व मंडळींना न सुचलेली एक पद्धत आमच्या परिसरातच पडून आहे. पतंजलीने योगसूत्रांच्या कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धीची पाच उगमस्थाने सांगितली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. खेळातले जन्मजात जादूगार, किमयागार, पोथीतले मांत्रिक, गुण साठविणारे तपस्वी आणि मनःशक्तीचे धनी या पाच खात्यांत हां हां म्हणता बसतात. पण विभूतिपादात त्यानेच या सिद्धींना समाधीच्या मार्गातले उपसर्ग ठरविले आहे, आणि येथे त्याची वाट सगळ्या नियमग्रंथांहून निराळी होते. याचा दाखला जवळच आहे: भुसावळहून फार दूर नसलेल्या तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावी त्याच नावाच्या योग्याचे प्राचीन दगडी मंदिर उभे आहे. आख्यायिकेप्रमाणे चौदाशे वर्षे मृत्यूला चुकविणारा हा सिद्ध वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आळंदीस निघाला, तेव्हा ज्ञानदेवांनी आपण व भावंडे बसलेली भिंतच त्याच्या सामोरी चालविली. सजीवावर हुकमत आणि निर्जीवावर हुकमत, असा हा दोन पद्धतींचा सामना. पण त्याचा शेवट कोणाचे गुण अधिक यावर न होता, त्या वृद्ध योग्याने अल्पवयी मुक्ताबाईचे शिष्यत्व पत्करण्यात झाला. त्याने पाठविलेल्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच.

प्रत्येक सिद्धी वापरताक्षणी कामी येईल, पण पात्र ज्या ध्येयासाठी निघाले त्यापासून त्याला एक पाऊल मागे ओढील, असा नियम माझ्या पाहण्यातल्या एकाही ग्रंथात नाही. मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’चे चाळीस अध्याय अस्त्रांच्या नि शाबरी मंत्रांच्या झुंजींनी भरलेले आहेत, म्हणजे साहित्याची वाण नाही. फासे हाताळणाऱ्या मराठी तरुणांपैकी कोणी हा नियम बांधून मराठीत छापील, तर त्याच्या डावात वाघ, भिंत आणि कोरा कागद या तिन्हींना जागा ठेवावी, एवढी माझी विनंती आहे. आणि पहिला डाव त्याने दीपनगरला मांडावा, टेबलाची नि चिवड्याची व्यवस्था मी करीन.