भोजनगृहाचा जीर्णोद्धार

जुन्या महाविद्यालयाच्या भोजनगृहास हात लावावयाचा म्हटलें कीं दोन पक्ष उभे राहतात. एकास दगड हालला कीं परंपरा बुडाली असें वाटतें. दुसऱ्यास जुनें पाडल्यावांचून सुधारणा झाली असें वाटतच नाहीं. या भांडणांत तेथें जेवणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण मात्र कोणासच होत नाहीं.

या बाबतींत केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. १५११ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचा भोजनाचा दिवाणखाना सुमारें ७० फूट लांब होता. तो अपुरा पडूं लागला तेव्हां १८६० नंतरच्या दशकांत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञानें तो सुमारें ११० फुटांपर्यंत वाढविला व जुन्या गवाक्षास दुसऱ्याची जोड दिली. १८९९ सालीं सीनियर रँग्लर होऊन पुढें फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झालेले रघुनाथराव परांजपे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या काळीं हा वाढविलेला दिवाणखानाच तेथील परंपरा होऊन बसला होता! वाढविल्यानें वास्तूचें वैभव नष्ट होतें, या आक्षेपास याहून निराळें उत्तर नको.

परंतु भिंत सरकली म्हणजे मनही सरकतें असें नाहीं. ४० फूट जागा वाढविण्यास कांहीं वर्षें पुरलीं; स्त्रियांस त्याच महाविद्यालयांत विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळण्यास मात्र १९८१-८२ साल उजाडावें लागलें. उलट, साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं वसतिगृह काढलें, तेव्हां त्यांच्यापाशीं ना गवाक्षें होतीं, ना नक्षीदार छप्पर. तरीही सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. खरें भोजनगृह कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें.

म्हणून आमच्याकडील जुन्या दगडी कॉलेजांच्या चालकांस आमची विनंति अशी कीं, बाहेरील चिरा जपा. पण आंत धूर बाहेर जाण्यास वाट, भांडीं घासण्यास वाहतें पाणी, पंगु विद्यार्थ्यास पायरीविना येतां येईल असा उतार, आणि दिवसभर चुलीपाशीं उभे राहणाऱ्या स्वयंपाक्यांस वारा व उजेड, एवढें अवश्य करा. पंक्तिभेद मात्र दुरुस्तीच्या यादींत घालूं नका; तो समूळ पाडून टाका. इमारतीचा तेवढाच भाग असा आहे कीं, जो जतन करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.