'कार्यभार' : पद आणि ओझं

वडोदऱ्यातल्या आमच्या घरात एकाच गोष्टीला तीन शब्द होते. वडिलांची बदली झाली की ते म्हणत, "चार्ज घेतला." आजोबा म्हणत, "कारभार हाती आला." शेजारच्या गुजराती काकी विचारत, "हवालो मळ्यो?" आणि हुकमाच्या मराठी तर्जुम्यात लिहिलं जायचं, 'कार्यभार स्वीकारला'. हा चौथा शब्द जुने कागद वाचणाऱ्यांना चकवतो, म्हणून हे टिपण.

'कारभार' फारसी 'कारोबार'मधून आला की संस्कृत 'कार्यभारा'तून, हा वाद नेहमीचा. पण फारसी 'कार' आणि संस्कृत 'कार्य', तसंच 'बार' आणि 'भार', या जोड्या मुळात सख्ख्याच. 'बार' म्हणजेही ओझंच. म्हणजे कुठल्याही वाटेनं गेलो तरी अधिकाराच्या पोटात ओझं आहेच.

'हवाला'चं तसं नाही. त्यात सोपवणं आहे. 'हवाली करणे' आणि 'हवालदार' त्यातलेच. सभासद बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी येतात. गड एकाच्या हाती राहू नये म्हणून ही वाटणी. काम हलकं व्हावं म्हणून नव्हे.

आज 'कार्यभारा'चे दोन अर्थ चालतात. कचेरीत तो पदाचा ताबा. महाविद्यालयात तो आठवड्याचे तास : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला 16, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला 14 तास प्रत्यक्ष अध्यापन. गंमत बघा, इथे हा भार हवासा असतो! तास कमी पडले की पद धोक्यात येतं.

'अतिरिक्त' या विशेषणाचंही तेच. 'अतिरिक्त शिक्षक' म्हणजे ज्याला काम उरलं नाही तो. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याचंही काम पडलं, गुजरातीत 'वधारानो हवालो'.

वडिलांकडे असा जादा चार्ज दोन वर्षं होता. सकाळी एक टेबल, दुपारनंतर दुसरं, आणि रात्री फायली जेवणाच्या पाटाशेजारी. आई म्हणायची, "खुर्च्या दोन, माणूस एक." त्यांच्या कागदांत या दोन वर्षांची एकच ओळ सापडली : 'अतिरिक्त कार्यभार सांभाळला'. आईचं वाक्य कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून घरातले जुने हुकूम वाचताना एवढं करा. नुसता 'कार्यभार' दिसला तर रुजू झाल्याची तारीख शोधा. मागे 'अतिरिक्त' असेल तर दुसरं टेबल कुणाचं होतं ते विचारा. शाळा-कॉलेजचा कागद असेल तर तास मोजा. आणि घरात कुणी सांगणारं असेल तर त्यांचं म्हणणं आजच लिहून घ्या. पदाची नोंद दप्तरात राहते; भाराची घरच्यांनाच ठेवावी लागते.