मालदीवचा हनिमून : बेटावर उतरण्याआधी

भाचीचा फोन आला तेव्हा मालेत दुपारचे साडेचार वाजले होते. "मावशी, विमान वेळेवर उतरलं, बॅगाही मिळाल्या, पण रिसॉर्टला नेणारं विमान आता उद्या सकाळीच म्हणतायत." पाण्यावरच्या व्हिलाचं त्या रात्रीचं भाडं आधीच भरलेलं होतं. ती रात्र दोघांनी विमानतळाजवळ, हुळुमालेतल्या एका साध्या हॉटेलात काढली. फसवणूक कोणी केली नव्हती. तिकीट काढताना मुंबई ते माले एवढाच प्रवास पाहिला गेला होता, पुढचा राहून गेला. तेव्हापासून घरात कुणाचं लग्न ठरलं आणि मालदीवचं नाव निघालं, की मी रिसॉर्टचे फोटो बाजूला ठेवायला सांगते आणि आधी नकाशा उघडायला लावते.

मालदीवची एक रीत कळली की बाकीचं नियोजन तिच्यातूनच उलगडत जातं. तिथे एका बेटावर बहुधा एकच रिसॉर्ट असतं. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे हीच पद्धत रुळली. बेटावर दुसरं हॉटेल नाही, कोपऱ्यावर किराण्याचं दुकान नाही, जेवण रुचलं नाही तर समोरच्या खाणावळीत जाण्याची सोय नाही. भाजीपासून डिझेलपर्यंत जवळपास सगळं बोटीने येतं. गोव्याला जाताना आपण खोली तेवढी ठरवतो आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघतो. इथे 'गेल्यावर बघू' म्हटलं की ते रिसॉर्टच्या दराने बघावं लागतं. म्हणून सगळे हिशेब घरीच, चहा पीत पीत, शांतपणे करावेत.

आता नकाशा. हा देश उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरला आहे. बेटं सुमारे १२००, आणि त्यांतली जेमतेम २०० स्थानिक वस्तीची. आपल्या सह्याद्रीशी त्यांचं एक जुनं नातं आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण झोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ वर आला, त्याच झोताने पुढे, भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना, समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उठवली, असं भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप आणि मालदीव त्याच रांगेवर बसले आहेत. ज्वालामुखी खचत गेले. त्यांच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहिलं, आणि शेवटी डोंगर बुडून भोवतीचं कडं तेवढं उरलं. प्रवाळाच्या कड्यांची ही उकल चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली; नंतरच्या अभ्यासकांनी तिला समुद्रपातळीच्या चढउतारांची जोड दिली. अशा कड्याला अ‍ॅटॉल म्हणतात, आणि हा शब्द जगाला मिळाला तो मालदीवच्या धिवेही भाषेतूनच. कड्याच्या आत उथळ, निवळशंख पाणी. बाहेर एकदम खोल समुद्र. फोटोतला फिकट निळा आणि गडद निळा यांतली रेषा ती हीच.

विमानतळ मालेला लागून असलेल्या हुळुले बेटावर आहे. तिथून रिसॉर्टला जाण्याचे तीन मार्ग. जवळच्या उत्तर आणि दक्षिण माले अ‍ॅटॉलमधल्या बेटांना स्पीडबोट जाते; वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा प्रवास, आणि बऱ्याच ठिकाणी रात्रीही सोय होते. लांबच्या बेटांसाठी सीप्लेन. फार लांबच्या अ‍ॅटॉलना देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. हे विमान धावपट्टीवर उतरत असल्यामुळे अंधार पडल्यावरही उडू शकतं.

सगळी गोम सीप्लेनची. साधारण पंधरा माणसांचं हे छोटं ट्विन ऑटर विमान पाण्यावर उतरतं, आणि वैमानिकाला लाटा, वारा, मध्ये आलेली होडी हे सगळं डोळ्यांनी पाहून उतरावं लागतं. म्हणून ते फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास त्या दिवसाची शेवटची विमानं सुटतात. पासपोर्ट तपासणी, सामान, सीप्लेनच्या टर्मिनलपर्यंतची बस हा वेळ धरला, तर तुमचं मुंबईचं विमान मालेत दुपारी दोनच्या आत उतरलेलं बरं. मुंबईहून थेट विमानाला तीन तासांच्या आतबाहेर लागतात, त्यामुळे सकाळी लवकर निघणारं विमान मिळालं तर दोनशे-चारशे रुपयांचा विचार करू नये. सीप्लेनची वेळही रेल्वेसारखी छापील नसते. एका फेरीत दोन-तीन बेटांचे प्रवासी घेतात आणि नेमकी वेळ बहुधा आदल्या दिवशी कळते, म्हणून थोडी वाट पाहण्याची तयारी ठेवावी. सामान माणशी साधारण २० किलो आणि हातात ५ किलो. लग्नातल्या जड साड्या घरीच राहू द्या.

या प्रवासाचं भाडं खोलीच्या भाड्यात धरलेलं नसतं. सीप्लेनला जाऊन-येऊन माणशी चारशे ते सहाशे डॉलर सहज पडतात. स्पीडबोट त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात होते. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे : तीन रात्रींसाठी जायचं असेल तर स्पीडबोटीच्या अंतरावरचंच बेट निवडावं. पाच रात्री असतील तर सीप्लेनचा खर्च अंगाला लागतो, आणि वरून दिसणारी ती प्रवाळाची कडी जन्मभर लक्षात राहतात हेही खरं.

मग कधी जायचं? आपल्याकडे तारीख हनिमूनसाठी ठरत नाही, मुहूर्तावर ठरते. तुळशीचं लग्न झालं की आपली लग्नसराई सुरू होते, आणि मालदीवचा इरुवाई, म्हणजे ईशान्येचा कोरडा वारा, डिसेंबर-जानेवारीत स्थिरावतो. नाताळ आणि नववर्षाच्या पंधरवड्यात दर सगळ्यांत चढे असतात. शिवाय २४ आणि ३१ डिसेंबरच्या खास रात्रीच्या जेवणाचे पैसे अनेक रिसॉर्टं सक्तीने लावतात. माघ-फाल्गुनात लग्न असेल तर तुम्ही भाग्यवान. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ असतं. वैशाखातल्या लग्नाचं गणित वेगळं. मे महिन्यात हुळांगु सुरू होतो, म्हणजे नैऋत्येचा वारा. जूनमध्ये कोकणात पाऊस घेऊन येणारा तोच. तिथे पाऊस आठवडाभर सलग लागेलच असं नाही. सरी येतात, ऊन पडतं, पण वारा आणि लाटा असतात. दर मात्र चांगलेच उतरलेले असतात. आणि याच दिवसांत बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारू खाडीत अन्नकणांच्या मागे मांटा रे मासे थव्याने येतात. पंखासारखे कल्ले हलवत एकामागून एक वळणारे ते प्रचंड मासे पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. २०११ पासून बा अ‍ॅटॉल युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे, आणि हनिफारूत टाकी लावून बुडी मारायला बंदी आहे. पाण्याच्या वरच्या थरातूनच पाहायचं. वैशाखाच्या जोडप्याने ज्येष्ठात तिकडे जावं असं मी मनापासून सांगते.

वाऱ्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो खोली निवडताना होतो. 'सनसेट व्हिला' महाग असतो, कारण तो पश्चिमेला तोंड करून असतो. हुळांगुच्या महिन्यांत मात्र वारा नेमका पश्चिमेकडूनच येतो, आणि त्या बाजूच्या पायऱ्यांवर लाटा आदळत राहतात. तेव्हा पूर्वेची खोली स्वस्त आणि पाणीही निवांत. इरुवाईत याच्या उलट. पैसे जास्त भरून गैरसोय विकत घेऊ नये.

पाण्यावरचा व्हिला की वाळूवरचा, या प्रश्नावर दोन्ही घरांत चर्चा होते. पाण्यावरचा दिसतो देखणा, पण बऱ्याच बेटांवर तो जेवणघरापासून लांब, उघड्या लाकडी पुलाच्या टोकाला असतो आणि दुपारी ऊन भाजून काढतं. वाळूवरच्या व्हिलाला झाडांची सावली असते. दोन रात्री इकडे, दोन तिकडे अशी विभागणी बरीच रिसॉर्टं करून देतात. विचारावं लागतं एवढंच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारत नाही : बेटाच्या कडेला हाउस रीफ, म्हणजे बेटाला लागूनच असलेलं प्रवाळ, आहे का, आणि किनाऱ्यापासून किती लांब? काही बेटांभोवती नुसती रुंद, उथळ वाळू असते. ज्यांना पोहता येत नाही त्यांना ती उत्तम. ज्यांना मासे पाहायचे आहेत त्यांना मात्र रोज पैसे भरून बोटीने जावं लागतं. प्रवाळाची स्थितीही विचारा. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. कुठे ते पुन्हा वाढलं, कुठे नाही. अलीकडे जाऊन आलेल्या लोकांनी काढलेले पाण्याखालचे फोटो बघावेत, जाहिरातीतले नव्हेत. पायाखाली प्रवाळ तुडवू नये, ते जिवंत असतं.

नव्या नवरीला दोन गोष्टी आवर्जून सांगते. हिरवा चुडा काचेचा असतो. पाण्यात शिडीला किंवा खडकाला बांगडी लागून फुटली की मनगट कापतं. कधी उतरवायचा ते घरच्यांशी आधीच बोलून ठेवावं. मंगळसूत्र पाण्यात घालून जाऊ नये, खोलीतल्या तिजोरीत राहू द्यावं. पोहणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालावं. बेटांमधल्या खाड्यांना ओढ फार असते. कुठे उतरू नये हे तिथल्या माणसांना विचारावं. स्कूबा करायचं असेल तर पहिल्या दोन दिवसांत उरका. अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आणि सीप्लेन हेही विमानच.

आता पैसे. दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर समजायचं की सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क १० टक्के, आणि त्या बेरजेवर पर्यटनाचा वस्तू व सेवा कर. तो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे ५०० डॉलरची खोली आधी ५५० होते आणि मग ६४३.५० डॉलर. त्यावर रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर, दोघांचे २४. पाचशेची खोली अशी ६६७.५० डॉलरला पडते. हेच सेवाशुल्क आणि हाच १७ टक्के कर जेवणाला, मसाजला, बोटीच्या सफरीला. 'हाफ बोर्ड'मध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण येतं, पण दुपारचं नाही, आणि काही ठिकाणी जेवताना घेतलेल्या पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात. दारू न घेणाऱ्या जोडप्याला 'ऑल इन्क्लुसिव्ह' बहुधा महाग पडतं, फुल बोर्ड पुरतं. शाकाहारी असाल तर आधी लिहून कळवा. पुष्कळ बेटांवर भारतीय स्वयंपाकी असतात आणि वरणभातासारखं काहीतरी प्रेमाने करून देतात, पण सामान बोटीने यायचं असल्यामुळे त्यांना वेळ लागतो.

खर्च झेपत नसेल तर वस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउस हा खरा पर्याय आहे. माफुशी किंवा धिगुरासारख्या बेटांवर दोन रात्री राहून पुढच्या दोन रिसॉर्टमध्ये काढता येतात. तिथे देशाचे नियम पूर्ण लागू असतात : दारू मिळत नाही, पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत ठरलेल्या किनाऱ्यावरच वावरायचं, गावात अंग झाकून फिरायचं. मासेमारीचं गाव, मशीद, संध्याकाळी रस्त्यावर खेळणारी मुलं असा खरा मालदीव तिथेच भेटतो.

कागदपत्रांत सगळ्यांत मोठी चूक नावाची होते. लग्नानंतरचं नवं नाव तिकिटावर घालायचा मोह टाळा. पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिकिटावर हवं. पासपोर्ट बदलायचा असेल तर आल्यावर निवांत बदला. रिसॉर्टं हनिमूनला केक, सजावट, एखादं जेवण देतात, पण लग्न अलीकडचं असल्याचा पुरावा मागतात. मराठी लग्नपत्रिका त्यांना वाचता येत नाही, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला लवकर काढून ठेवा. व्हिसा पोचल्यावर मोफत मिळतो; परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं. निघण्याच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन अर्ज भरायचा. सामानात दारू चालत नाही, आणि पूजेची मूर्तीही नेता येत नाही. सासूबाईंनी दिलेला छोटा बाळकृष्ण किंवा अन्नपूर्णा देव्हाऱ्यातच राहू द्या. विमानतळावर ती काढून घेतली गेली तर मनाला फार लागतं. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर तो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, घेतो. ती रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती करून घेता येते, पावती जपावी.

आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवसाचं विमान घेऊ नका. सत्यनारायण, जागरण-गोंधळ, कुलदैवताचं दर्शन यांत चार-पाच दिवस जातात, आणि दोघंही थकलेले असतात.

एक शेवटची गोष्ट घड्याळाची. माले भारताच्या अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्टं संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे भारताच्याही अर्धा तास पुढे. परतीच्या विमानाची वेळ मालेची असते. आदल्या संध्याकाळी सीप्लेनची चिठ्ठी खोलीत आली, की तिच्यावरची वेळ बेटाची आहे की मालेची, हे विचारून घ्या आणि मगच बॅग भरायला बसा.