फुग्यातील अक्षरे

चित्रकथा हाती पडली की मुले ती एका बैठकीत वाचून संपवतात. चित्रे कोणी काढली, हे एखादा चौकस मुलगा विचारतो. गोष्ट कोणाची, हेही क्वचित विचारले जाते. परंतु पात्रांच्या तोंडाशी असलेल्या त्या पांढऱ्या फुग्यांत अक्षरे कोणी बसवली, हा प्रश्न मी तरी आजवर कोणाकडून ऐकला नव्हता. तो प्रथम ऐकला माझ्या आईकडून, आणि विचारला होता तिने आपल्या नातीला.

आमचे घर इंदूरच्या विजय नगरात, मेघदूत उपवनापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. रामबागेतले जुने बिऱ्हाड मोडून भावाने इकडे घर बांधले, त्याला आता तीन तपे होत आली. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आईच्या सोबतीला येथेच राहिले. माझी भाची वरच्या मजल्यावरील खोलीत दिवसभर संगणकापुढे बसलेली असते. तिचा व्यवसाय कोणता, असे कोणी विचारले की घरातल्या सर्वांचीच पंचाईत होते. ‘कॉम्प्युटरवर काहीतरी करते,’ एवढ्यावर आम्ही वेळ मारून नेत असू. वस्तुतः ती अक्षरे बसवते. जपानी चित्रकथा, ज्यांना तिकडे ‘मांगा’ म्हणतात, त्या इंग्रजीत अनुवादित होऊन आल्या की त्यांच्या फुग्यांत नवे संवाद मांडायचे, हे तिचे काम.

मांगा म्हणजे केवळ मुलांचे वाचन नव्हे. जपानात शाळकरी मुलापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्व वयाचे लोक त्या वाचतात. मुलांसाठी मांगा छापणारी मोठी साप्ताहिके तिकडे १९५९ पासून निघू लागली, आणि ओसामू तेझुका यांच्यासारख्या चित्रकाराने या प्रकाराला कादंबरीची खोली दिली. आज त्यांचे अनुवाद जगभर वाचले जातात. परंतु अनुवादकाने आपले काम संपवले, की पुस्तक तयार झाले असे नाही. तेथून अक्षरलेखकाचे काम सुरू होते.

एकदा मी तिच्या शेजारी बसून ते सारे पाहिले. मूळ पाने संगणकावर येतात. सोबत अनुवादकाची संहिता असते, तीत पान, चौकट आणि फुगा यांचे क्रमांक घातलेले असतात. प्रथम फुग्यांतील जपानी मजकूर पुसून टाकायचा. हे सोपे. अवघड भाग पुढचा. दार आपटल्याचा, पाऊस कोसळल्याचा जो आवाज चित्रकाराने चित्रावरच मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, तो पुसला की त्यामागचे चित्रही जाते. मग तेथली भिंत, झाड, आकाश पुन्हा रेखाटावे लागते. करड्या छटेसाठी जे बारीक ठिपके वापरलेले असतात, तेही अंतर आणि कोन राखून जुळवावे लागतात. ठिपक्यांची एक ओळ चुकली तरी छापल्यावर तेथे डाग दिसतो. इतके केल्यावर मग संवाद बसवायचे. एका पुस्तकाची पाने दोनशेच्या घरात असतात, आणि मोबदला पानामागे मिळतो.

फुग्याची आणखी एक अडचण आहे. जपानी मजकूर वरून खाली उभा लिहितात; म्हणून फुगेही उभे, उंच नि अरुंद असतात. आडव्या लिपीला त्यात अंग चोरून बसावे लागते. शिवाय जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचायचे. पूर्वी परदेशी प्रकाशक आपल्या वाचकांच्या सोयीसाठी सगळी पाने आरशातल्यासारखी उलटी करीत. त्याचा परिणाम असा होई की तलवारबहाद्दर सामुराई एकजात डावखुरे होत, आणि किमोनोचे पदर उलट बाजूने दुमडलेले दिसत. जपानात तसा पदर केवळ मृतदेहाला नेसवतात! २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एका प्रकाशनसंस्थेने पाने न उलटता मूळ दिशेनेच छापण्याचा धडाका लावला, वाचकांनीही ते स्वीकारले, आणि आता तीच रूढी पडली आहे.

हे सर्व आईला समजावून सांगितले तेव्हा तिने नव्या पुस्तकाची पाने उलटून पाहिली आणि विचारले, ‘‘हे सगळे तू लिहिलेस, तर तुझे नाव कुठे आहे?’’ भाचीने शेवटच्या पानावरील बारीक टाइपातली एक ओळ दाखवली. आईने भिंग लावून ती पाहिली. मग म्हणाली, ‘‘नाव आहे, छान आहे. पण मला वाचता येईल असे तू कधी लिहिणार?’’

भाची हसली, पण तो प्रश्न तिच्या मनात राहिला. माझ्याही राहिला.

असे नव्हे की मराठीला फुग्यांची ओळखच नाही. ली फॉक यांचा फँटम ज्यांतून आमच्या पिढीला भेटला, ती टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि मराठीतही निघत असे. माझ्या भावाने खाऊचे पैसे साठवून घेतलेले अंक कित्येक वर्षे माळ्यावर होते. १९९० साली ती मालिका बंद पडली. अनंत पै यांनी १९६७ मध्ये आरंभलेली अमर चित्रकथाही मराठीत घरोघरी पोहोचली. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारखी आपली माणसे होती. १९९१ पासून ‘चिंटू’ने दैनिकाच्या छोट्या चौकटींतून मराठी मुलाला बोलते केले. परंतु जगभरच्या चित्रकथा आज ज्या वेगाने भाषांतरित होत आहेत, त्या प्रवाहात मराठी दिसत नाही. आमच्या गल्लीतली मराठी मुले मांगा वाचतात, ती इंग्रजीतून.

यावर कोणी म्हणेल, मराठीला ते जमण्यासारखे नसेल. भाचीचे मत नेमके उलट आहे. जपानी भाषेत आवाजाचे नि अवस्थांचे अनुकरण करणारे असंख्य शब्द आहेत. हृदय ‘डोकी डोकी’ करते, मुसळधार पाऊस ‘झा झा’ कोसळतो, वस्तू ‘किरा किरा’ चमकते. इतकेच काय, निःशब्द शांततेसाठीही ‘शीन’ असा शब्द चित्रात लिहितात. इंग्रजीत हे आणताना अनुवादकाची दमछाक होते. आपल्याकडे मात्र धडधड आहे, धो धो आहे, लखलख आहे. आणि शांततेसाठी शुकशुकाट आहे, सामसूम आहे. ‘‘आत्या, जो शब्द इंग्रजीत शोधायला मला अर्धा दिवस लागतो, तो मराठीत आजीच्या तोंडी तयार असतो,’’ असे ती म्हणते.

अडचणी आहेत त्या लिपीच्या. देवनागरीत मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेद नाही. तेव्हा ओरडणे दाखवायचे ते अक्षर जाड करून, आणि फार जाड केले की ‘ष’ आणि ‘ण’ यांची पोटे बुजतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आपटतो, म्हणून दोन ओळींत अंतर अधिक लागते. त्यातून मराठी आणखी एक पेच घालते, तो हिंदीत नाही. हिंदीत ‘दोस्तों के साथ भी’ हे चार सुटे शब्द अरुंद फुग्यात चार ओळींत सुखाने उतरतात. मराठीत तेच ‘मित्रांबरोबरसुद्धा’ असे एकसंध होते. शिरोरेघेने बांधलेला तो शब्द मध्येच तोडता येत नाही, आणि फुग्यात मावतही नाही. मग अनुवादकाला विनंती करून वाक्यच फिरवून घ्यावे लागते.

साधनांची उणीव आता फारशी उरलेली नाही. एके काळी चित्रांवर काम करण्याच्या परदेशी प्रणालींत देवनागरी घातली, की ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटत. आज तसे होत नाही. र. कृ. जोशी यांनी रेखलेले ‘मंगल’ हे अक्षरवळण जगभरच्या संगणकांवर पोहोचले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘कलम’ तर हाताने लिहिल्यासारखे, फुग्यांसाठीच घडवल्यासारखे वाटते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून अक्षराला अभिनय करायला लावले, तो वारसाही आपल्यापाशी आहे.

तेव्हा एका रविवारी आम्ही घरगुती प्रयोग करायचे ठरवले. पुस्तक निवडले केइजी नाकाझावा यांचे. हिरोशिमावर १९४५ च्या ६ ऑगस्टला अणुबॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्यात गेले. शाळा सुटल्यावर त्यांनी काही काळ दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारी केली, पुढे ते चित्रकार झाले, आणि १९७३ पासून त्यांनी आपली कहाणी गेन नावाच्या मुलाच्या रूपाने सांगितली. तोमोको किकुची यांच्या अनुवादामुळे ती हिंदीत ‘नंगे पैर गेन’ या नावाने उपलब्ध आहे. आईचा जन्मही १९३९ चा, नाकाझावांचाही. हे कळल्यावर ती पुस्तकाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागली.

आम्ही आरंभीचा भाग घेतला. गेनचे वडील मुलांना गव्हाची उपमा देतात: तुडवला गेला तरी मुळे घट्ट रोवून ताठ उभा राहणारा गहू. भाचीने मराठी केले, मी जुना कटनिब काढून फुग्यांच्या मापाने बटर पेपरवर ते लिहिले, आणि तोच मजकूर तिने संगणकावरही मांडला. दोन्ही कागद आईपुढे ठेवले.

आईने संगणकाचा कागद प्रथम उचलला. ‘‘हा ल आपला नव्हे. आणि श सुद्धा.’’ खरेच होते. संगणकाला भाषा मराठी असल्याचे सांगायचे राहिले होते, त्यामुळे त्याने हिंदी वळणाचे ल आणि श उमटवले होते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली लिपीविषयी काढलेल्या निर्णयात या दोन अक्षरांच्या मराठी वळणांचा आग्रह धरला आहे. पण आमच्या भाचीचे सारे शिक्षण इंदूरच्या शाळांत झालेले. तिच्या डोळ्यांना तो फरक दिसलाच नव्हता. चित्रकला शिकवण्यात जन्म घालवलेल्या मलाही तो आईने बोट ठेवल्यावर दिसला, याची मला लाज वाटली.

पुढे वाचताना आई पुन्हा थांबली. ‘‘गव्हाचे कणीस? कणीस ज्वारीचे असते ग. गव्हाची ओंबी.’’

भाचीला हा शब्दच ठाऊक नव्हता. तिला हिंदीतली ‘बाली’ माहीत होती, आणि तिचे मराठी करताना तिने कणीस घेतले होते. माळव्याच्या गव्हाची पोळी रोज खाणाऱ्या घरात हा शब्द कधी मागे पडला, कोणास ठाऊक! तिने ‘गव्हाचे कणीस’ पुसून तेथे ‘ओंबी’ लिहिले. जो फुगा सकाळपासून काठोकाठ भरून अवघडलेला दिसत होता, त्यात एकदम मोकळी हवा खेळली. ओंबी म्हटल्यावर गव्हाची हे वेगळे सांगावे लागतच नाही.

मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. संगणक विकत मिळतो, अक्षरवळणे मिळतात, हातातले कौशल्यही कष्टाने साधते. अलीकडे तर जपानातील काही कंपन्यांनी मांगाचे भाषांतर यंत्रबुद्धीकडून करून घेण्याचा उद्योग आरंभला आहे. उद्या यंत्र फुगेही भरील. भाचीला आपल्या व्यवसायाची ती काळजी आहेच. परंतु जो शब्द माणसांच्या घरातूनच नाहीसा झाला, तो यंत्राने वापरला तरी बरोबर आहे की नाही हे ओळखणार कोण? त्या रविवारी ते ओळखणारे आमच्या घरात एकच माणूस होते, आणि त्याने पंच्याऐंशी ओलांडली आहे.

गेनची कथा इंग्रजीत कशी आली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७६ साली टोकियोत काही स्वयंसेवक एकत्र आले, त्यांनी आपल्या मंडळाला ‘प्रोजेक्ट गेन’ असे नाव दिले आणि हे पुस्तक परभाषांत नेण्याचे काम हाती घेतले. बाजार तयार होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मराठीतही कधी असा योग येईल, एखादा प्रकाशक रीतसर हक्क घेऊन पुढे येईल. त्या वेळी अक्षरे बसवणारे हात तरी तयार असावेत, म्हणून भाचीने आता रविवारची सकाळ आजीसाठी राखून ठेवली आहे. दोघी एखादे पान घेऊन बसतात. छापायचे नाही, विकायचे नाही. केवळ फुगे भरायचे. नातीने शब्द सुचवायचा, आजीने तो पारखायचा. भाचीच्या वहीत ‘ओंबी’खाली आता पाच-सहा पाने शब्द जमले आहेत.

बटर पेपरवरचे ते पहिले पान आईने मागून घेतले. खाली कोपऱ्यात नाव लिहायला तिने नातीला सांगितले, आणि बजावले, ‘‘बारीक लिहू नकोस. मला भिंगाशिवाय दिसले पाहिजे.’’