गाजर गवत आणि त्वचेचा विकार

पाऊस सुरू झाला की कुंडल परिसरातील पडीक जागा, रस्त्यांच्या कडा, द्राक्षबागांचे बांध आणि घरामागची परसबाग हिरवीगार होते. या हिरवाईत गाजरासारखी कातरलेली पाने आणि चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुले असलेले एक झुडूप हमखास दिसते. हेच गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत, तर कोणी चटकचांदणी म्हणतात.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातील. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली. आयात धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. एकेका झाडाला हजारो बिया धरत असल्याने पुढे ते देशभर पसरले.

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वारंवार संपर्क आल्यावर काही जणांच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. सर्वांनाच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांनाही तो पहिल्याच दिवशी होईल असे नाही. काही महिने, कधी काही वर्षे गवतात काम केल्यावर तो सुरू होतो. पापण्या, चेहरा, मान, कोपराची लवण अशा ठिकाणी खाज सुटते, त्वचा लाल होते, पुढे ती जाड आणि काळसर पडते. वाळलेल्या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याने उडत असल्याने गवताला हात न लावताही हा त्रास होऊ शकतो. परागकणांमुळे काहींना शिंका, सर्दी व दम्याचाही त्रास होतो.

एकदा वावडे जडले की ते सहसा कायम राहते. अशा व्यक्तींना त्याच कुळातील शेवंतीसारखी फुले हाताळतानाही खाज येऊ शकते. फुलबाग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यावर उपाय काय? गवत फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. त्या वेळी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवाच. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत. फुलापूर्वी उपटलेल्या गवताचे कंपोस्ट खत होते. मात्र ते पेटवू नये. मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी टाकल्यास तो वाढून गाजर गवताला दाबतो. १९८४ पासून भारतात मेक्सिकन भुंगेही या कामी सोडले जात आहेत. ते या गवताची पाने खातात.

खाज सुरू झाल्यास दुकानातून मनाने मलम आणून चोळू नये. काही मलमांत स्टिरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण बराच काळ लावल्यास त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि आपण शेतात वा बागेत काम करतो हे त्यांना आवर्जून सांगावे. कारण कळले तरच उपचाराला यश येते.