खेळातल्या ट्रकचा घरगुती बंदोबस्त

रेडिओ-नियंत्रित ट्रक भरधाव वेगाने दगडावर आदळला म्हणजे बंपरामागोमाग चासीचा तळच घायाळ होतो. म्हणून अमेरिकेतील शौकीन मंडळी भाजी चिरण्याच्या प्लास्टिकच्या जाड पाटाचा, म्हणजे बहुधा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा, तुकडा करवतीने कापून, उष्ण हवेने त्याच्या कडा वाकवून, तो तळाशी स्क्रूने बसवितात. हे द्रव्य घसरते, लवते, परंतु सहसा फुटत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी दिसावयास भारदस्त खरी, पण एकदा वाकली की वाकलेलीच राहते. ट्रकच्या वरच्या, पॉलिकार्बोनेटच्या पातळ टपाला आतून जाळीची फीत आणि बूट सांधण्याचा लवचिक गोंद लावण्याची हिकमत तर मला विशेष प्रशंसनीय वाटते. तळाच्या तुकड्याच्या स्क्रूंची डोकी मात्र प्लास्टिकात पूर्ण बुडवावीत, अन्यथा दगड नेमका त्यांनाच अडतो.