शांत आळींतलें बिऱ्हाड

घर एकानें बांधावें आणि त्यांत दुसऱ्यानें राहावें, ही रीत फार प्राचीन आहे. आपल्या ‘भाडें’ या शब्दाचें मूळ संस्कृत ‘भाटक’ शब्दांत सांपडतें. आणि कौटिल्यानें तर अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घर, शेजार व भाडेकरी यांविषयीं नियमच घालून दिले आहेत. भाडेकऱ्यास तो ‘अवक्रयी’ म्हणतो. भाडें देणाऱ्या अवक्रयीला मालकानें घालवून दिलें तर मालकास बारा पणांचा दंड, आणि जागा सोडण्यास सांगितल्यावरही जो हटून बसेल त्यासही तितकाच दंड! शिवीगाळ, चोरी, दांडगाई अशीं कारणें असतील तरच मालकाला मोकळीक. मुदतीपूर्वीं जो आपण होऊन निघून जाईल त्यानें वर्षाचें उरलेलें भाडें भरून जावें. शेजाऱ्यास उपद्रव होईल असें दार किंवा खिडकी काढणाऱ्यालाही तेथें शिक्षा सांगितली आहे. घरभाडें आणि शेजारची शांतता हे दोन विषय वस्तुतः एकच आहेत, हें त्या चतुर ग्रंथकारास उमगलें होतें.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, आमच्या वाचकांतील पुष्कळ कुटुंबांचें स्थान गेल्या दोन-तीन पिढ्यांत पालटलें आहे. ज्यांचे आजे-पणजे शाळाखातें, कचेरी किंवा वकिली यांच्या निमित्तानें कोंकणांतून अगर देशावरून खानदेशांत आले आणि दोन खणांच्या बिऱ्हाडांत राहिले, त्यांचीच नातवंडें-पतवंडें आज घरमालक आहेत. मुलें पुण्यास, मुंबईस, कांहीं तर थेट परदेशीं. माडीवरच्या खोल्यांना कुलुपें. खालीं वृद्ध दांपत्य राहतें, आणि ‘माडी द्यावी कीं न द्यावी, आणि द्यावी तर कोणास?’ हा प्रश्न संध्याकाळच्या चहाबरोबर रोज निघतो. आम्ही स्वतः शिक्षकी पेशांतले. बदल्यांच्या पायीं भाड्याच्या घरांत बरीच वर्षें काढलीं, आणि सेवानिवृत्तीच्या सुमारास लहानसें घर बांधून मालकही झालों. दोन्ही बाजूंचा अनुभव पदरीं असल्यामुळें चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम आपलीं हीं दोन शहरें वसलीं कशीं तें पाहूं. १८१८ सालीं खानदेशांत इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. १८१९ सालीं तेथें अवघीं ४०१ घरें आणि २,५०९ माणसें होतीं. ब्रिग्जनें नवें गांव आंखलें, रस्ते सरळ रेषेंत काढले. आजही धुळेकर पत्ता सांगतांना आंकडा सांगतो. चौथी गल्ली, पांचवी गल्ली असा. परंतु नुसते रस्ते आंखल्यानें गांव वसत नाहीं. लोक यावे म्हणून घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें देण्यांत आल्या. जुन्या रहिवाशांस तसेंच बाहेरून येणाऱ्यांस पक्कीं घरें बांधण्याकरितां पैसे आगाऊ देण्यांत आले.

जळगांवची कथा निराळी. तें वाढलें आगगाडी आणि कापूस यांच्या जोरावर. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत आपल्याकडील कापसाला सोन्याचें मोल आलें, तेव्हां व्यापारी, दलाल आणि हमाल यांची तेथें रीघ लागली. पुढें १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. कचेऱ्यांबरोबर कारकून आले, शाळांबरोबर मास्तर आले. सारांश, दोन्ही गांवें परक्यांना जागा देऊनच मोठीं झालीं. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम आहे.

जुन्या पेठा जसजशा गजबजल्या, तसतसा शांततेचा शोध गांवाबाहेर सरकला. धुळ्यांत पांझरेपलीकडे देवपूर, जळगांवांत रिंग रोड आणि मेहरूणकडचा भाग, येथें कॉलन्या उठल्या. अशा ठिकाणीं घर घेणाऱ्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, घर एकदां पाहून ठरवूं नये, तीनदां पाहावें.

पहिल्यानें पाहावें तें उन्हाळ्यांत, आणि तेंही सायंकाळीं. दोन्ही शहरांत मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. आपल्या पूर्वजांचीं धाब्याचीं घरें दिसावयास ओबडधोबड, पण मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें धाबें, यांमुळें आंत गारवा राही. आजची सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर तें परत देते. म्हणून दिवेलागणीनंतर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. हात टेकवत नसेल, तर त्या खोलींत म्हाताऱ्यांना किंवा तान्ह्या मुलाला निजवितां येणार नाहीं, हें समजावें. दुसऱ्यानें पाहावें तें नळाच्या दिवशीं. पाणी किती दिवसांआड येतें, किती वेळ टिकतें, टांकी केवढी, कूपनलिका आहे कीं नाहीं, आणि मोटर चालविण्याचा खर्च कोणाकडे, हें शेजारणीस विचारावें; मालकापेक्षां ती खरें सांगेल. तिसऱ्यानें पाहावें तें रात्रीं दहानंतर. धुळें तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या तिठ्यावर बसलेलें, जळगांवही सुरत-नागपूर मार्गावरचें. मालमोटारींचा आवाज दुपारीं ऐकूं येत नाहीं, तो रात्रीं उशाशीं येतो. जवळपास मंगल कार्यालय किंवा लॉन असेल तर लग्नसराईंतली एक रात्र ऐकून घ्यावी. २००० सालच्या ध्वनिनियमांप्रमाणें निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर कर्णे वाजविण्यास बंदी आहे. नियम उत्तम आहे. पण बिऱ्हाड करावयाचें तें नियमाच्या शेजारीं नव्हे, कार्यालयाच्या शेजारीं, हें विसरूं नये.

घर पसंत पडलें म्हणजे कागदाची पाळी. आपल्याकडे ‘अकरा महिन्यांचा करार’ हें जणूं वेदवाक्य होऊन बसलें आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदवावा लागतो. तो टाळावा म्हणून ही अकरा महिन्यांची युक्ति निघाली. परंतु महाराष्ट्रांत १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ही जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. शिवाय तंटा झाल्यास अटींविषयीं भाडेकरी जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें मानलें जातें. म्हणजे नोंदणीचा थोडासा खर्च वांचविणारा मालक आपल्या घराचा शब्द दुसऱ्याच्या तोंडीं देऊन बसतो! हल्लीं ही नोंदणी घरबसल्या संगणकावरूनही होते.

भाडेकऱ्यासही कांहीं हक्क आहेत. भाड्याची पावती मागणें हा उद्धटपणा नव्हे. ती देणें मालकावर बंधनकारक आहे. भांडण झालें म्हणून पाणी किंवा वीज तोडतां येत नाहीं. उलट, परवान्यानें राहणाऱ्यानें मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दरानें पैसे भरावे लागतात. कौटिल्याचा तराजू पहा, दोन्ही पारड्यांसह अजून टांगलेला आहे. अनामत रक्कम किती, ती केव्हां आणि कशांतून वजा होऊन परत मिळेल, विजेच्या मीटरचा पहिल्या दिवशींचा आंकडा, पंखे किती आणि नळ किती, हें सर्व लिहून दोघांनीं सह्या कराव्या. विश्वास असला म्हणून लिहावयाचें नाहीं असें नव्हे. विश्वास टिकावा म्हणून लिहावयाचें.

आतां जरा दूर दृष्टि टाकूं. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटलें आहे, त्या डच लोकांच्या देशांत महाराष्ट्रांतील कितीतरी तरुण कुटुंबें आज कामानिमित्त राहत आहेत. आम्स्टेलव्हेन किंवा आइंडहोव्हन येथील शांत आळींत त्यांचीं बिऱ्हाडें आहेत. तिकडे पुष्कळ घरें अगदीं उघडीं देतात. जमिनीवर आच्छादन नाहीं, पडदे नाहींत, दिवेही नाहींत. नवा बिऱ्हाडकरू तें सर्व आपलें आपण बसवितो. मात्र घराचें क्षेत्रफळ, सोयी, ऊर्जेची बचत यांना गुण देऊन भाड्याची कमाल मर्यादा ठरविण्याची तेथें पद्धत आहे, आणि १ जुलै २०२४ पासून ती मधल्या भाड्याच्या घरांनाही लागू झाली. त्याच दिवसापासून बेमुदत करार हाच सामान्य नियम ठरला. १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेतां येत नाहीं. आणि त्याच वेळच्या कायद्यानें, भाडेकरी निवडतांना भेदभाव होऊं नये याची तजवीज मालकांवर सोंपविली. एवढें असूनही तेथें घरांची टंचाई मोठी आहे आणि आपल्या मुलांना अर्जांवर अर्ज करावे लागतात.

आणि येथेंच मुद्द्याची गोष्ट येते. आमच्या परिचयाच्या एका घरीं माडी दोन वर्षें रिकामी होती. या अवधींत सात-आठ जण विचारून गेले. एक परिचारिका होती; तिची रात्रपाळी असते म्हणून नको. एक तरुण प्राध्यापक होता. एकटा म्हणून नको. बँकेंतल्या एका गृहस्थाला आधीं आडनांव विचारलें, मग गांव विचारलें, आणि मग ‘आमच्या भाच्यास जागा हवी आहे’ असें सांगण्यांत आलें. तो भाचा अद्याप आलेला नाहीं. त्याच घरची सून आम्स्टेलव्हेनहून दूरध्वनीवर सांगत होती कीं, घरासाठीं तिनें पंधरा अर्ज केले आणि परकें नांव पाहून कांहींनीं उत्तरच दिलें नाहीं असा तिला संशय आहे. सासूबाईंना त्या परक्या मालकांचा फार राग आला. तो रास्तच होता; पण तो जिना चढून माडीपर्यंत पोंचला असता तर अधिक बरें झालें असतें.

आम्ही घरमालकाची अडचण जाणतों. म्हाताऱ्या माणसांना आपल्या घरांत आपल्या रीतीनें राहावयाचें असतें. एकाच चुलीभोवतीं दोन आचार नांदत नाहींत. पण माडीला स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असतां, वरच्या पातेल्यांत काय शिजतें याची चौकशी खालच्यानें कां करावी? वेळेवर भाडें, रात्रीं शांतता, पाण्याचा बेतानें वापर, जिन्याची स्वच्छता, या अटी खुशाल घालाव्या आणि कसोशीनें पाळून घ्याव्या. त्या वर्तनाच्या अटी आहेत, आणि वर्तन ज्याचें त्याच्या हातीं असतें. जन्म कोणाच्याच हातीं नसतो. अस्पृश्यतेच्या कारणानें कोणालाही कोणत्याही वस्तींत राहण्यास अटकाव करणें हा १९५५ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण जेथें कायदा पोंचत नाहीं अशा शेंकडों मुकाट नकारांचें काय? ते फक्त आपल्या विवेकालाच दिसतात.

इतिहासाचार्य राजवाडे तरुणपणींच विधुर झाले आणि पुढें एकटे राहून हातानें स्वयंपाक करून जेवीत. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यांत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला, आणि त्यांचें राजवाडे संशोधन मंडळ धुळ्याचें भूषण झालें. साने गुरुजी कोंकणांतील पालगडचे. १९२४ सालीं ते अमळनेरच्या शाळेंत शिक्षक म्हणून आले. तेही अविवाहित. ‘एकट्या पुरुषास जागा देत नाहीं’ ही पाटी त्या वेळीं प्रत्येक दारावर असती, तर खानदेशाच्या वांट्याला त्यांचें काय आलें असतें?

बिऱ्हाडकरूंनींही आपलें कर्तव्य ओळखावें. भिंतींत खिळा ठोकण्यापूर्वीं विचारावें, पोटभाडेकरी ठेवूं नये, रात्रीं गच्चीवर मैफल भरवूं नये, आणि खालच्या म्हाताऱ्यांचें दार दोन दिवस उघडलेलें दिसलें नाहीं तर कडी वाजवून पाहावी. कुलुपबंद माडीच्या शांततेंत असें पाहणारें कोणी नसतें. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेचें पाऊल जिन्यावर वाजलें, तर झोप क्षणभर चाळवेल खरी. परंतु ज्या घरांत सत्तरी उलटलेलीं दोनच माणसें आहेत, तेथें त्या पावलाचा आधार केवढा असेल, याचा विचार माडीचें कुलूप पुन्हां लावण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें एकत्र बसून करावा.